शरणपूर रोडवर फ्लूची लस: चार तारे, पाचवा जिन्यात राहिला

पाचपैकी चार. एक तारा जिन्यासाठी कापलाय, त्याचं खाली सांगते.

दवाखान्याचं नाव इथे टाकत नाही, कारण दोन-तीन तक्रारीही लिहिणार आहे आणि डॉक्टरबाईंनी आम्हाला फार चांगलं वागवलंय. नाशिकच्या शरणपूर रोडच्या पट्ट्यात आहे, पहिल्या मजल्यावर. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी विचारा, सांगेन.

आम्ही पिंपळगाव बसवंतकडचे, द्राक्षवाले. माझे सासरे, नाना, 73 वर्षांचे. साखर आहे, छाती कुरकुरते. गेल्या वर्षी ऐन श्रावणात त्यांना फ्लू झाला, सहा दिवस अॅडमिट होते, आणि घरी आल्यावर महिनाभर वरच्या बागेपर्यंत चालत जाता येत नव्हतं. तेव्हाच आमच्या गावच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की पुढच्या वर्षी पावसाच्या आधी फ्लूची लस द्या, आणि दर वर्षी द्या. नाना म्हणाले, "दर वर्षी कशाला? देवीची लस एकदाच टोचली होती, अजून दंडावर वण आहे." या प्रश्नाचं उत्तर गावात कुणी दिलं नाही. ते शरणपूर रोडवर मिळालं, म्हणून हा सगळा प्रपंच.

आधी दुसरीकडे गेलो होतो. कुठे ते सोडा. तिथल्या माणसाने फ्रीज उघडला तर वरच्या कप्प्यात लशीचे खोके, खाली दुधाची पिशवी आणि कुणाचा तरी जेवणाचा डबा. मी सीझनला पॅकहाऊसवर बसते. आमचा माल युरोपला जातो, तेव्हा कुठल्या प्लॉटवर कुठल्या तारखेला काय मारलं याची वही मला ठेवावी लागते आणि प्रीकूलिंगच्या खोलीत काटा किती अंशांवर आहे ते बघायची डोळ्यांना सवय लागलीय. मी विचारलं, टेम्परेचरचा तक्ता कुठंय? तो माणूस हसला. खोकं हातात मागितलं तर त्यावर 2024-25 असं छापलेलं, आणि मुदत संपायला महिना राहिलेला. "नवीन कधी येणार?" तर म्हणे, "लस ती लस, ताई. मुदतीत आहे ना?" मुदतीत होती, खरं आहे. पण मी नानांना घेऊन परत आले. गाडीत नाना चिडले, अर्धा दिवस मोडला म्हणून.

त्यानंतर मे सुरू झाला, म्हणजे मे कसला, पावसाळाच. 2025 चा मे नाशिककर विसरणार नाहीत. खरड छाटणी होऊन बागा फुटल्या होत्या आणि वरून रोज पाणी. टीव्हीवर पुन्हा करोना सुरू झाला होता, एनबी पॉइंट वन पॉइंट एट पॉइंट वन का काहीतरी नवीन प्रकार आलाय म्हणून. नानांनी बातम्या बघून स्वतःच सांगितलं, चल, जाऊन येऊ. बागेत गाळ, फवारणीचा ट्रॅक्टर आत जाईना, घरात बसून करणार काय.

ओझर, आडगाव करत द्वारकेला येईपर्यंत चाळीस मिनिटं, आणि एकट्या द्वारका सर्कलला पंचवीस. पार्किंग नाहीच. गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावली. मग जिना. सव्वीस पायऱ्या आहेत, मी मोजल्या, कारण नाना प्रत्येक पाच पायऱ्यांना थांबत होते. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. ज्या दवाखान्यात साठी ओलांडलेल्या, छाती भरून येणाऱ्या माणसांनी लस घ्यायला यावं अशी अपेक्षा आहे, तिथे सव्वीस पायऱ्या! खाली एखादी खुर्ची टाकून नर्सने येऊन टोचलं असतं तरी चाललं असतं. मी तसं बोलले, तर काउंटरवरची मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "सगळे वरच येतात."

आत मात्र वेगळा कारभार. लशींचा फ्रीज वेगळा, त्याला बाहेर आकड्यांचा डिस्प्ले, तेव्हा 4.6 दाखवत होता, आणि शेजारी तक्ता चिकटवलेला: सकाळ-संध्याकाळचं तापमान, सही. मी मागचे पंधरा दिवस वाचले. एका रविवारचा रकाना कोरा होता. विचारलं. नर्सने सांगितलं की रविवारी बंद असतं, पण मशिन आपोआप नोंद ठेवतं, सोमवारी बघतात. एवढं कुणी विचारत नाही म्हणाली. लशीला 2 ते 8 अंश लागतात आणि ही लस गोठली तर फेकून द्यायची, नंतर ती वितळून पुन्हा पहिल्यासारखी दिसली तरी. आमची द्राक्षं शून्यावर महिना-दीड महिना सुखाने झोपतात. लशीला ते चालत नाही, हे मला नवीन होतं.

नंबर यायला सव्वा तास लागला. अपॉइंटमेंट घेऊनही. या सव्वा तासात नानांनी शेजारच्या गृहस्थांना यंदाच्या बेदाण्याचे भाव, पाऊस आणि सरकार या तिन्हींवर पुरेसं सुनावलं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी खोकं उघडून आधी माझ्या हातात दिलं. मी काही मागितलं नव्हतं. बहुतेक नर्सने आत जाऊन सांगितलं असावं की फ्रीजचा तक्ता वाचणारी बाई आलीय. खोक्यावर 2025, दक्षिण गोलार्ध असं होतं आणि आत चार नावं. बारीक इंग्रजीत. व्हिक्टोरिया, क्रोएशिया, ऑस्ट्रिया, फुकेत. मला वाटलं, लस कुठे कुठे तयार होते त्याची यादी आहे. तसं नाही. फ्लूच्या विषाणूचा तो नमुना पहिल्यांदा जिथे सापडला त्या जागेचं नाव, पुढे प्रयोगशाळेचा क्रमांक, पुढे साल. म्हणजे ए, क्रोएशिया, मग आकडा, 2023. आमच्या वहीत प्लॉट नंबर आणि छाटणीची तारीख असते तसंच. मी त्यांना आधीच्या ठिकाणच्या खोक्याबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यात क्रोएशियाच्या जागी थायलंड असणार. बाकीची नावं तीच. म्हणजे एका हंगामात चारातला एक प्रकार इतका सरकला की जागतिक आरोग्य संघटनेने लशीतला नमुना बदलला. ही संघटना हे वर्षातून दोनदा करते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी, कारण त्यानंतर कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस तयार व्हायला सहाएक महिने जातात. आपण राहतो उत्तरेत, पण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो, म्हणून मे-जूनमध्ये टोचायची तर हाताशी सगळ्यात ताजी यादी दक्षिणेची. जुनी लस फुकट जाते असं नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण त्या माणसाचं "लस ती लस" हे काही बरोबर नव्हतं.

आणि इथे नाना बोलले. तोपर्यंत गप्प होते.

"म्हणजे सोनाका निघाला तसं."

डॉक्टरबाई शहरातल्या, त्यांना कळेना. नानांनी खुर्ची पुढे ओढली. बाग सगळी थॉम्पसन या जातीच्या द्राक्षाची. एकाच वेलीच्या काड्या लावून वाढवलेली, सगळी एकसारखी असायला हवी. पण एखाद्या वर्षी एखाद्या वेलीची एखादी काडी वेगळीच निघते, मणी लांब, रंग वेगळा. कुणी पेरलं नाही, कुणी कलम केलं नाही. डोळस शेतकऱ्याने ती काडी ओळखून वेगळी वाढवली, त्यातून नान्नजचा सोनाका झाला, तासगावचा तास-ए-गणेश झाला, माणिक चमन झाला. सगळे थॉम्पसनचेच पोरगे. "तुमचा हा क्रोएशिया म्हणजे तीच काडी ना?"

बाई चक्क टेबलावर हात मारून हसल्या. हो म्हणाल्या, अगदी तीच. विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या हजारो प्रती काढतो आणि नक्कल करताना चुका होतात. फ्लूकडे चूक दुरुस्त करायची काही सोयच नाही. करोनाच्या विषाणूकडे थोडीफार आहे, तरी चुका सुटतातच. बहुतेक चुकीच्या प्रती तिथेच मरतात. फरक एवढाच, काका, की सोनाका तुम्ही निवडला, कारण त्याला बाजारात भाव होता. इथे निवडणारं कुणी नाही. जी प्रत जास्त माणसांपर्यंत पोचते किंवा आधीच्या लशीने आणि आजारपणाने तयार झालेल्या संरक्षणातून निसटते, तीच उरते, आणि बघता बघता सगळी बाग तिची.

मी मध्येच विचारलं की मग लस मारल्यानेच विषाणू बदलतो का. द्राक्षावरच्या भुरी रोगावर एकच औषध सारखं मारलं की ती ऐकेनाशी होते, हे आमच्याकडे पोराटोरालाही माहीत आहे. त्यांनी सांगितलं, औषधाने भुरी बदलत नाही, आधीच बदललेली असते ती मागे उरते. आणि विषाणूला बदलायला संधी मिळते ती माणसांत पसरताना. जितकी जास्त माणसं आजारी, तितक्या जास्त प्रती, तितक्या जास्त चुका. मग त्या 2009 वर गेल्या. तेव्हाचा स्वाइन फ्लू म्हणजे एखाद-दुसरी चूक नव्हती. फ्लूच्या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर आठ तुकड्यांत असतो, आणि डुकरांमध्ये वेगवेगळ्या फ्लूंचे तुकडे एकत्र येऊन नवीनच विषाणू जमला होता. त्याच्याशी जुळणारं संरक्षण काही म्हाताऱ्या माणसांकडे थोडंफार होतं, बाकी जवळजवळ कुणाकडेच नव्हतं. नानांना ते वर्ष आठवतं, पुण्याच्या बातम्या आणि तोंडाला बांधलेले रुमाल. त्याच विषाणूचा वंशज आज खोक्यातल्या पहिल्या नावाने बसलाय, दर वर्षीचा पाहुणा झालाय. उलट चौथा, फुकेत, ज्या घराण्यातला आहे ते यामागाता घराणं मार्च 2020 नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेलं नाही. करोनाच्या बंदोबस्तात बहुधा संपलंच. लशीतून ते काढा असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्येच सांगितलंय. म्हणजे आम्ही चौथ्याचे पैसे उगाच दिले म्हणायचे. बाईंनी नाकारलं नाही.

आता मुख्य गोष्ट. नानांच्या मनात चार वर्षं एक सल होता. मार्च 2021 मध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली तेव्हा रांगेत उभं राहून त्यांनी कोविशील्ड घेतली. दुसरा डोस आधी 28 दिवसांनी होता, मग सहा ते आठ आठवडे झाले, मग मे महिन्यात बारा ते सोळा. गावात लोक म्हणायचे, यांनाच काही ठाऊक नाही. मधल्या काळात डेल्टाची लाट. आमच्या वस्तीवरची दोन घरं अजून सावरलेली नाहीत, त्याबद्दल इथे लिहीत नाही. पुढे दोन्ही डोस पूर्ण झाले, आणि जानेवारी 2022 मध्ये नानांना करोना झालाच. तीन दिवस ताप, घसा, नंतर बरे. पण पारावर चेष्टा झाली. दोन-दोन सुया खाऊन काय मिळवलं नाना?

तेच त्यांनी बाईंना विचारलं. जरा तोऱ्यातच.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि एक गोळा काढला, त्यावर काटे. तो कागद माझ्याकडे आहे. 2021 ची लस चीनमधल्या अगदी मूळ विषाणूचा काटा बघून तयार केलेली. ती घेतल्यावर रक्तात ज्या अँटिबॉडी होतात त्या काट्याच्या ठरावीक भागांना जाऊन चिकटतात, आणि काटा झाकला गेला की विषाणूला पेशीत शिरता येत नाही. ओमिक्रॉनची खबर दक्षिण आफ्रिकेने नोव्हेंबर 2021 मध्ये दिली, आणि त्याच्या काट्यातच तीसहून जास्त बदल होते. चिकटायच्या जागाच वाकड्या झाल्या. शिवाय डोस होऊन काही महिने गेले की अँटिबॉडी आपोआपही कमी होतात. म्हणून विषाणू आत शिरला. पण शरीराची दुसरी फळी असते, टी पेशींची. विषाणू ज्या पेशीत शिरतो ती पेशी त्याचे बारीक तुकडे बाहेर टांगून दाखवते, आणि टी पेशी ते तुकडे ओळखून ती पेशीच मारतात. तुकडे काट्याच्या सगळ्या भागांतले असतात, त्यातले बरेचसे ओमिक्रॉनमध्येही जसेच्या तसे होते. विषाणू आत आला, पण खाली फुप्फुसांपर्यंत धुमाकूळ घालायला त्याला वेळ मिळाला नाही. ओमिक्रॉन मुळात डेल्टापेक्षा सौम्यही होता, ते श्रेय लशीला देऊ नका, असंही त्या म्हणाल्या. मला हे आवडलं. विकणारा माणूस असं बोलत नाही.

नाना बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "पानावर डावणी आली, घडावर नाही आली." ज्यांना बाग माहीत नाही त्यांच्यासाठी: डावणी हा द्राक्षावरचा रोग. पान गेलं तर बाग आजारी दिसते, घड गेला तर वर्ष जातं.

टीव्हीवरच्या नव्या प्रकाराबद्दलही विचारलं. तो ओमिक्रॉनच्याच खानदानातला आहे, जेएन वन नावाच्या आधीच्या प्रकाराचा नातू-पणतू. जागतिक आरोग्य संघटनेने 23 मे रोजी त्याला लक्ष ठेवायच्या यादीत टाकलं. चिंतेच्या यादीत नाही, या दोन याद्या वेगळ्या आहेत आणि टीव्हीवाले त्या एक करून टाकतात. जास्त गंभीर आजार होतो असं दिसलेलं नाही आणि असलेल्या लशी तीव्र आजारापासून वाचवतील अशी अपेक्षा आहे, असं संघटनेनेच लिहिलंय. करोनाचा नवा डोस त्यांच्याकडे नव्हता, तसं सरळ सांगितलं. काकांना खोकला-ताप आला तर दुसऱ्याच दिवशी या, चार दिवस घरी काढू नका, एवढंच म्हणाल्या.

मग आकड्यांवर आलो. फ्लूची लस किती वाचवते? जुळणी चांगली बसली त्या वर्षी डॉक्टरकडे जायची वेळ येण्याचा धोका साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो. नाना म्हणाले, "निम्मंच?" बाई म्हणाल्या, हो, निम्मंच, आणि तुमच्या वयात त्याहून थोडं कमीही धरा. पण गेल्या वर्षीचे सहा दिवस टळण्याची शक्यता त्यात आहे. परिणाम यायला दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी ओसरत जातो, म्हणून पावसाच्या तोंडाशी. हे नानांना सांगावं लागलं नाही. रोग रोखायची मोरचुदाची फवारणी पाऊस यायच्या आधी असते, डाग दिसल्यावर नसते.

लस एका मिनिटात झाली. आधीच भरलेली सिरिंज, अर्धा मिली, डावा दंड. बॅचचं स्टिकर कार्डावर चिकटवून दिलं. पंधरा मिनिटं बसायला सांगितलं, नाना आठव्या मिनिटाला मिसळ खायला निघाले, नर्सने दंडाला धरून परत बसवलं. रात्री दंड दुखला, अंग जरा कोमट लागलं, सकाळी उठून बागेत. या लशीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात, तिने फ्लू होऊ शकत नाही, हे शेजारच्या काकूंना मी तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा सांगणार नाही.

पैसे: लस आणि तपासणी मिळून 2,300. आधीच्या ठिकाणी 1,700 मध्ये होत होतं. न्यूमोनियाची लसही घ्या म्हणाल्या, तिची किंमत ऐकून आम्ही सीझननंतर बघू म्हटलं, त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. कार्ड इंग्रजीत, खोक्यातला कागद इंग्रजीत, भिंतीवरची चित्रं इंग्रजीत. बाई इतक्या छान मराठीत समजावतात, तेच एका पानावर छापून ठेवलं तर बाहेर सव्वा तास बसलेली माणसं ते वाचतील तरी. आणि काउंटरवरच्या मुलीला कुणीतरी "या, बसा" म्हणायला शिकवा.

जायचं असेल तर शनिवार टाळा. फोन करून "यंदाच्या यादीची आलीय का" असं विचारा, फोन अकरानंतरच उचलतात. बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाला पायऱ्यांच्या मध्ये टेकायला काही नाही, आम्ही परत जाताना गाडीतली घडीची खुर्ची वर आणली होती.